दिवेलागणीचा अंधार

लोह्याला आमच्या घरी दिवेलागणीला मी अंगणातला बल्ब घालवून ओट्यावर बसते, तेव्हा माझा नवरा रोज एकच विचारतो, "लातूरला शिकायला पोरगी गेली होती का तू गेली होतीस?" दुकान बंद करून आलेल्या माणसाला आधी चहा लागतो, उत्तराचं नंतर बघता येतं. पण मला ही खोड लागलीय हे खरं, आणि ज्या माणसानं लावली त्याच्याबद्दल एकदा सांगून टाकावं म्हणते.

फार मोठा माणूस होता असं काही नाही. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, लातूरला आमचे घरमालक, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. उंच, हाडकुळे, रंग उडालेला खाकी शर्ट अजूनही घालायचे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं कधी बघायचे नाहीत, नाकासमोर बघायचे. कुणाशीही बोलत असले तरी पुढ्यात रस्ताच आहे असं वाटायचं. त्यांची बायको, आमच्या काकू, चिडायच्या, "इकडं बघून बोला की जरा." तर म्हणायचे, "बोलून राहिलोच की. बघायचं काय त्याच्यात?"

आमच्या भागात लेक दहावीला बऱ्या मार्कांनी पास झाली की तिच्याबरोबर आईचंही सामान बांधतात. बाप शेत नाहीतर दुकान सांभाळत मागं राहतो, आणि आई लातूरला खोली करून पोरीला करून घालते, मेडिकलची परीक्षा होईस्तोवर. लोह्याच्या, निलंग्याच्या, मुरुडच्या, कुठकुठच्या आया तिथं भेटतात. सगळ्यांच्या तोंडी टेस्ट, रँक आणि कटऑफ. जिनं जन्मात केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं नाही ती बाई भाजीच्या गाड्यापाशी उभी राहून सांगते, "आमचं ऑरगॅनिक कच्चं हाय जरा." मी पण सांगायचे, खोटं कशाला बोलू.

लातूरला खोली बघताना बाई खिडकी बघत नाही, नळ बघते. उन्हाळ्यात तिथं पाण्याचे काय हाल होतात ते ज्यानं बघितलं त्यालाच ठाऊक. मी नि माझी ऋतुजा खोल्या बघून बघून बेजार झालो होतो, तेव्हा या घरी आलो. काकांनी आधी अंगणातला नळ सोडला. धो धो पाणी. "बोअरचं हाय. मे महिन्यात बी असंच," म्हणाले. मी तिथंच मनात खोली पक्की केली. मग त्यांनी नळ बंद केला आणि समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "पर एक अट हाय."

मला वाटलं मटण करायचं नाही, पाहुणे आणायचे नाहीत, असलं काहीतरी असेल.

"दिवेलागणीला मी मेन स्विच पाडतो. समद्या घराचा. अंधार पुरा पडला, चांदण्या निघाल्या, का पुन्हा वर करतो. पाऊण घंटा धरा."

"बिल जास्ती येतंय का काका?"

"बिलाला काय झालंय? अंधार दारात येऊन हुबा ऱ्हातो अन् आपण त्याच्या तोंडावर ट्यूब मारतो. पावण्याला असं करतो का आपण?"

मी काकूंकडं बघितलं. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सवय होऊन जाती म्हणत्यात. लगीन झाल्यापून मला तरी झाली न्हाई."

पाण्यासाठी बाई काय काय कबूल करते! मी अंधार कबूल केला.

आता तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. आमच्याकडं त्या वेळेला कुठल्या खोलीत अंधार दिसला तर बाया एकमेकींवर वरडतात, लक्ष्मी यायची वेळ झाली, लाईट लावा आधी. काकू देवापाशी आणि तुळशीपाशी दिवा लावायच्या, त्याला मात्र काकांची हरकत नव्हती. उलट त्या दिव्याचं त्यांना कौतुक. "ह्याच्यानं अंधार जात न्हाई, अंधार दिसतो," म्हणायचे. दिवा लागला की भिंतीपाशी जाऊन खटकन स्विच पाडायचे, आणि भाडेकरूंच्या वरच्या सगळ्या खोल्यांमधून "आऽऽ" असा एकच आवाज उठायचा. पोरांनी त्यांना नावच ठेवलं होतं, मेन स्विच. ते त्यांनाही माहीत होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

आजूबाजूला रात्र अशी नव्हतीच. अभ्यासिका रात्रभर उघड्या, आत पांढऱ्याफेक ट्यूबा. क्लासच्या बोर्डांवर मागच्या वर्षी लागलेल्या पोरांचे फोटो आणि त्या फोटोंवर फोकस. पहाटे उठून बघा नाहीतर मध्यरात्री, उजेड तेवढाच. त्या सगळ्यात आमचं एकच घर पाऊण तास काळं व्हायचं. रस्त्यानं जाणारा थांबून विचारायचा, "लाईट गेली का हो तुमची?" काका खुशीत सांगायचे, "गेली न्हाई. मी घालवली."

त्या पाऊण तासात पोरं गच्चीवर जमायची. करणार काय दुसरं? काका पण वर यायचे आणि त्यांना एकेक गोष्ट बघायला लावायचे. एकदा कुंडीतल्या जास्वंदीपाशी सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाले, "सांगा, आधी फूल जातंय का पानं जात्यात?" पोरं टक लावून बसली. लाल भडक फूल हळूहळू काळं पडलं आणि पानं मात्र बराच वेळ दिसत राहिली. काकांनी जादू करून दाखवल्यासारखे हात झटकले. तेव्हा माझी ऋतुजा, जी एरवी क्लासमध्ये सुद्धा तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "काका, डोळ्यात दोन परकारच्या पेशी असतात. एक रंग बघणाऱ्या, एक अंधारात बघणाऱ्या. अंधारातल्यांना लाल दिसत न्हाई." आणि सगळं पुस्तकातलं समजावून सांगितलं. काका खालीच बसले. "असं व्हय! म्हंजे अंधारात बघायला देवानं येगळं सामान दिलंय आपल्याला? अन् आपण ते वापरीतच न्हाई?" मग आठवडाभर ज्याला त्याला अडवून ते हेच सांगत होते, किराणावाल्याला सुद्धा. "त्या लोह्याच्या पोरीनं सांगितलं," असं वरून जोडायचे.

पण हा माणूस नुसता अंधाराचा भक्त होता असं कुणी समजू नये. उन्हाचं वेड तितकंच. मे महिन्यात लातूरचं ऊन काय असतं! कुत्रं सुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही. त्या उन्हात हे डोक्याला पंचा गुंडाळून अंगणात बाजेवर. एकदा भर दुपारी खालून हाक मारली, "ताई, ओ ताई, लवकर या!" मी पिठाच्या हातांनी धावत खाली गेले, म्हटलं काकूंना काही झालं की काय. तर हे कडुलिंबाखाली उभे.

"काय झालं?"

"सावली बघा."

"काय बघू तिच्यात?"

"समदी पायाखाली आलीय. झाडाची झाडाखाली, माझी माझ्याखाली. ह्या घटकंला कुणीच कुणावर पडत न्हाई."

"काका, माझी भाकर तव्यावर हाय!"

भाकर करपलीच. मी वर जाऊन तोंडाला येईल ते बोलले, ते खाली ऐकू गेलं असणार. पण ते हलले नाहीत. त्याच उन्हाळ्यात एकदा ऊन लागून आडवे झाले, काकूंनी कांदा ठेचून तळपायाला चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, आणि वर दोन दिवस बोलणी घातली. तिसऱ्या दिवशी हे पुन्हा बाजेवर.

त्यांचा राग होता तो ट्यूबलाईटवर. भाडेकरूंची पोरं भर दिवसा पडदे ओढून ट्यूब लावून अभ्यासाला बसायची, ते बघून त्यांच्या जिवाची तगमग व्हायची. "बाहेर एवढं ऊन पडलंय, त्याला आत येऊ देत न्हाईत. रातीला अंधार येतो, त्याला बी न्हाई. मंग तुम्ही हाव कुठं? दिवस पुरा दिवस पायजे अन् रात पुरी रात. हे मधलं पांढरं काय हाय?" पोरं हो हो म्हणायची आणि पडदा ओढायची. रात्रीच्या गाड्या चालवल्याचा अनुभव ते सांगायचे, "समोरून फुल लाईट मारत येणाऱ्यानं मी कैकदा आंधळा झालो. अंधारानं एकदा बी न्हाई."

सगळंच शहाणपणाचं बोलायचे असंही नाही. रात्रभर ट्यूबखाली ठेवलेलं दही आंबट होतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मी दोन वाट्या लावून बघितल्या, एक ट्यूबखाली, एक फडताळात. दोन्ही सारख्या. त्यांना चाखायला दिल्या तर डोळे मिटून म्हणाले, "फरक हाय." आणि ट्यूबखालचीच वाटी गोड म्हणून मला परत दिली.

एकदा माझा नवरा लोह्याहून आला होता, नेमका दिवेलागणीला. काकू लेकीकडं गेल्या होत्या. काकांनी त्याला अंगणात बसवलं, स्विच पाडला, आणि पाहुणा आला म्हणून स्वतः अंधारात चहा केला. मी वरून उतरेपर्यंत दोघांच्या हातात कप होते. नवऱ्यानं घोट घेतला. चहात साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. काकांनी पण घोट घेतला. त्यांनाही कळलंच असणार, पण कप खाली ठेवला नाही. सगळा चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "उजेडात लोक डोळ्यानं चव घेत्यात. अंधारात खरी चव कळती."

"कळली," नवरा म्हणाला. भिडस्त माणूस, त्यानंही संपवला होता.

परीक्षा जवळ आली तशी आयांची डोकी तापायला लागली. आमच्या शेजारच्या खोलीत निलंग्याच्या एक बाई होत्या, मुलाला घेऊन राहिलेल्या. आवाज खणखणीत, बोलायला कुणाला भीत नसत. त्यांनी आम्हाला सगळ्यांना गोळा केलं आणि मोर्चा खाली नेला. "काका, पोरांचा रोजचा पाऊण घंटा वाया चाललाय. आमच्या लेकरांचं आयुष्य हाय, तुमचा खेळ होतोय." 

काका समोर बघत म्हणाले, "तुमच्या खोलीत तुम्ही काय लावायचं ते लावा की. मी कवा नको म्हणलं? मी माझा स्विच पाडतो."

निलंग्याच्या बाई त्याच संध्याकाळी चार्जिंगचा दिवा घेऊन आल्या. मग हळूहळू सगळ्यांनीच आणले, मी पण आणला. गच्चीवर जाणारी पोरं कमी होत गेली, शेवटी एकटे काका वर दिसायचे.

परीक्षा झाली, निकाल लागला. ऋतुजाचे मार्क सांगत नाही, सांगून काय उपयोग. मेडिकलला लागण्यासारखे नव्हते एवढं पुरे. निलंग्याच्या बाईंचा मुलगा लागला. त्यांनी पेढे वाटले पण आमच्या दारावरनं जाताना डबा पदराखाली धरला. बाई वाईट नव्हत्या.

ऋतुजा रडली नाही. मोबाईल उलटा ठेवला, म्हणाली "बरं," आणि पलंगावर भिंतीला टेकून बसली. बसली ती बसलीच. जेव म्हटलं की जेवायची, अंघोळ कर म्हटलं की करायची. बोलायची नाही. झोपायची तर मुळीच नाही. लोह्याला जाऊ म्हटलं तर मानेनंच नको म्हणाली. बरोबरच होतं. लोह्याला गेलो असतो तर अर्धं गाव विचारायला आलं असतं.

क्लासच्या त्या भागात राहणाऱ्या आईच्या कानावर निकालाच्या दिवसांत काय काय येतं, ते सांगायला नको, तरी सांगते. अमक्या होस्टेलात एका पोरानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं. तमक्या गल्लीतली पोरगी वेळेवर सापडली म्हणून वाचली. खरं किती, खोटं किती, देव जाणे. नवरा फोनवर रोज एकच सांगायचा, "लक्ष ठेव." मी खोलीतल्या काय काय वस्तू उचलून पेटीत घातल्या आणि पेटीला कुलूप लावलं. बाथरूमची आतली कडी काढून टाकली. आणि ट्यूब बंद करायचं सोडून दिलं. दिवसा चालू, रात्री चालू. काका स्विच पाडायचे तेव्हा मी चार्जिंगचा दिवा थेट तिच्यासमोर ठेवायचे. तिच्या तोंडावरून माझी नजर हलत नव्हती. ती श्वास घेते का नाही ते सुद्धा मी बघायचे. मला भीती वाटत होती, लई भीती. एवढी भीती मला जन्मात कधी वाटली नाही.

असे तीन-चार दिवस गेले. मी पाणी भरायला खाली उतरले होते, दाराशी काकूंना बसवून. काका उन्हात बाजेवर होते.

"ताई," म्हणाले, "त्या लेकराला जरा अंधार द्या."

माझं डोकंच सणकलं. "काका, तुमचं खूळ तुमच्यापाशी ठेवा! तुम्हाला चांदण्या बघायच्यात. मला एकच लेक हाय."

"मला कुठं चांदण्या दाखवायच्यात तिला." त्यांनी डोक्याचा पंचा सोडला. "मी शेवटची गाडी चालवायचो. निलंग्याकडची, मुक्कामी. लातूरच्या दवाखान्यातून घराकडं निघालेली माणसं असायची तिच्यात. एकदा एक बाप चढला. एकलाच. हातात पिशवी, पिशवीत लेकराचे कपडे. समद्यांला कळलं काय झालंय ते. मंग समदी गाडी त्याच्याकडं बघून राहिली. कुणी पाणी देतंय, कुणी इचारतंय. माणूस ताठ. मला आरशात दिसून राहिलं, त्याच्या डोळ्यात टिपूस न्हाई. मी आतली लाईट घालवली. कंडक्टर वरडला, तिकिटं राहिली म्हणून. म्हणलं, राहू दे. थोडं पुढं गेलो असंल नसंल, मागून आवाज आला. त्याचं गाव येईस्तोर रडला तो."

मी हंडा खाली ठेवला.

"तवापून मी शेवटच्या गाडीत आतली लाईट ठेवलीच न्हाई. डिपोत तक्रार झाली. झाली तर झाली."

"आणि तिनं काही केलं तर?" मी विचारलं. हा प्रश्न मी तोवर कुणापुढं तोंडातून काढला नव्हता.

तेव्हा पहिल्यांदा त्या माणसानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "तुमचं भ्याव खोटं हाय असं मी म्हणत न्हाई, ताई. एकलीला सोडू नगाच. तुम्ही तिला खेटून बसा. मी बाहेर जिन्यात बसतो, दाराला पाठ लावून. तिथून कुणी जात न्हाई. फकस्त तिच्या तोंडावरची लाईट काढा."

मी हंडा घेऊन वर आले. भर दुपारी ट्यूब चालू होती. ऋतुजानं मला आत येताना बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

संध्याकाळी काकूंनी दिवा लावला, खाली स्विच पडला. माझा हात सवयीनं चार्जिंगच्या दिव्याकडं गेला. बटणावर बोट होतं. बाहेर जिन्यात काका बसल्याचा आवाज आला, गुडघे मोडताना "हरी, हरी" म्हणाले. मी बोट काढून घेतलं. मग पलंगावर चढून लेकीला खेटून बसले.

खिडकीचा पडदा ओढलेला होता, काहीच दिसत नव्हतं. एवढीशी खोली, आणि मला भिंत कुठं आहे ते कळेना. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता, तेवढ्यावर मी जीव धरून होते. खिडकीची चौकट हळूहळू दिसायला लागली, मग पलंगाची कड. तिचं तोंड मात्र दिसत नव्हतं.

"आई."

"हं."

"तू बघून राहिलीस का माझ्याकडं?"

"दिसतच न्हाई गं काही."

तिनं एक मोठा श्वास घेतला. तो बाहेर येताना मधेच अडकला, पुन्हा अडकला, आणि मग माझी पोरगी रडायला लागली. तोंडावर उशी नाही, हात नाही, लहानपणी रडायची तशी भोकाड पसरून. मी तिला धरलं. गप्प हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं, ते गिळलं.

बाहेर मोबाईलची बत्ती चमकली, दाराच्या फटीतून आत एक रेघ आली. निलंग्याच्या बाईंचा आवाज. "काका, कवाच वेळ झाली, लाईट सोडा की! अन् हितं काय बसलात?"

"फ्यूज गेलाय," काका म्हणाले.

"थांबा, माझ्याकडं बत्ती हाय, मी बघते..."

"ती बत्ती बंद करा अन् बसा हितं."

बाई आणखी बोलणार होत्या. पण आतला आवाज त्यांना ऐकू आला असावा. रेघ गेली. बांगड्या वाजल्या, त्या पायरीवर बसल्या. मग जिन्यातून काहीच आवाज नाही. आज त्या दोघांची आठवण आली की मला ती शांतताच आठवते. त्या बाई आणि शांतता!

रडणं ओसरलं तेव्हा ऋतुजा बोलायला लागली. शब्दाला शब्द लागत नव्हता. "निकाल बघितला तवा तू चप्पल घालून हुबी होतीस. पेढे आणायला. हातात पिशवी होती."

"असंल."

"मी सांगितलं तर तू चप्पल काढलीस अन् हसलीस. म्हणलीस, असू दे, काय होतंय. तवापून तू तसंच तोंड करून बसलीस, आई. दिवसरात ते तोंड माझ्यापुढं. तू रडलीच न्हाईस. मंग मी कशी रडू?"

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. मार्कांचं काही नाही, पेढ्यांचं काही नाही, तू आहेस ना बास, असं चांगलं काहीतरी. पण तोंड उघडलं असतं तर आवाज फुटला असता. मी दात घट्ट दाबून बसले. डोळ्यातलं पाणी हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं तरी पुसलं नाही, हात हलवला तर तिला कळलं असतं.

तिचा हात चाचपडत वर आला. खांद्याला लागला, मानेला लागला, मग गालावर येऊन थांबला. मी चटकन तोंड फिरवायला गेले.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "मला काही दिसत न्हाई."